पान एकशे साठ

पुस्तकाची आतली पानं मांडणाऱ्याने अदृश्य राहावं, हे माझं व्रत आहे. वाचकाला मजकूर दिसावा, मांडणारा दिसू नये. गेली अठरा वर्षं मुलुंडच्या माझ्या दोन खोल्यांत येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे वाक्य ऐकवतो आणि ऐकणारे मान डोलावतात, कारण वाक्य चांगलं आहे. आज जे सांगणार आहे ते मात्र कुणालाच ऐकवलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला तर मुळीच नाही — ती मावशींना ओळखते.

आधी माझं काम सांगतो. (मी मुद्दा लांबवतोय हे कळतंय मला. पण काम कळल्याशिवाय गुन्हा कळायचा नाही.) स्वखर्चाने पुस्तक काढणारी माणसं माझ्याकडे येतात. निवृत्त बँक मॅनेजरच्या कविता, सोसायटीच्या सेक्रेटरीचं आत्मचरित्र, चारधामची प्रवासवर्णनं. मी अक्षरं जुळवतो, समास ठरवतो, प्रकरण कुठल्या पानावर सुरू व्हावं ते पाहतो. पन्नास पानांच्या संग्रहाला चार प्रस्तावना जोडून दिल्या आहेत मी. आई-वडील, सद्गुरू आणि नगरसेवक यांना एकाच अर्पणपत्रिकेत बसवून दिलंय. मनातल्या मनात हसत असतो. लोकांच्या मोठेपणाच्या हौसेवर हसणं हा माझा एकमेव छंद — आणि तो मला फार शोभतो असं मला वाटायचं.

मग कमल साळवे आल्या.

घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात त्या चौतीस वर्षं आया होत्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, ताठ, बोलायला रोखठोक. शंभर पानी वह्या आणल्या होत्या, सहा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भाऊ, ह्याच्यात मी फार हुशारी नाही केलेली. जे झालं ते लिवलंय. तुम्ही उगाच सजवू नका." मी वह्या चाळल्या आणि हसायचं राहून गेलं. बाळंतिणीचा हात धरून उभं राहणं म्हणजे काय, मेलेलं मूल बापाच्या हातात कसं द्यायचं, डॉक्टर आत येताना कोपऱ्यात कसं सरकायचं — सगळं सरळ, एका दमात. त्यात एक प्रकरण त्यांच्या आईचं. आई शेवटी सगळं विसरली, पोटच्या मुलीला "तुम्ही कुठल्या वॉर्डाच्या?" विचारायची. प्रकरणाच्या शेवटी मावशींनी लिहिलं होतं की मरणाची भीती नाही, ह्याची आहे.

हे प्रकरण मी स्वतः जुळवलं होतं. अक्षर न् अक्षर. हे लक्षात ठेवा.

मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. आपण सगळेच म्हणतो — इस्पितळातल्या आयांना, झाडूवाल्या बायकांना. पुस्तक निघालं होतं ते ह्याच गोष्टीवरून. "चौतीस वर्षं आम्हाला कुणी नावानं हाक मारली नाही," त्या म्हणाल्या. "मावशी पाणी, मावशी पॅन, मावशी लादी. माझ्याबरोबर एक्केचाळीस जणी होत्या. त्यांची नावं एका पानावर पाहिजेत. नुसतं नाव-आडनाव. नवऱ्याचं नको मधे." बाकी पुस्तकात काहीही बदला, पण ते पान पाहिजे.

नावं गोळा करायला त्यांना पाच महिने लागले. कुणी विक्रोळीला, कुणी गावी परत गेलेली, आठजणी वारलेल्या. सगळ्यात शेवटी तो कागद माझ्या हातात आला, बाकीचं पुस्तक तपासून झाल्यावर. दोन्ही बाजूंना रेघा असलेला, चार घड्या घातलेला. तेविसाव्या ओळीवर लिहिलं होतं : लक्ष्मी, आडनाव मिळालं नाही. मी दोन रकान्यांत मांडला. एक पान. सुंदर दिसत होतं, खरंच सांगतो. पुस्तक बरोबर एकशे साठ पानांचं झालं.

छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याला फर्मा म्हणतात. एकशे साठ म्हणजे दहा फर्मे, नेमके. एकशे एकसष्ट म्हणजे अकरावा फर्मा आणि त्यात पंधरा कोरी पानं. हे गणित मला झोपेतही येतं, आणि याच गणिताच्या मागे मी पुढे लपलो.

प्रस्तावना यायची होती. भागातल्या एका सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष — त्यांच्या नावामागे तीन पदव्या आणि दोन 'माजी' आहेत — दोन पानं देतो म्हणाले होते; एकशे साठमध्ये ती दोन मी धरली होती. फाइल छापखान्यात जायच्या सकाळी तीन आली. स्वतःच्या बालपणापासून सुरुवात केली होती त्यांनी. मग त्यांची साहित्यसेवा, मग स्त्रीशक्तीबद्दल सर्वसाधारण विचार. मावशींचं नाव एकदा आलं होतं, शेवटच्या ओळीत, शुभेच्छा द्यायला. एक पान वाढलं. एकशे एकसष्ट.

काय करता आलं असतं? अध्यक्षांचं बालपण दहा ओळींनी कमी करता आलं असतं. पण त्यांच्या मंडळाची स्मरणिका दरवर्षी माझ्याकडे असते — मग कसं करणार? अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान करता आलं असतं. पण त्यात पूर्ण दिवस गेला असता, आणि प्रकाशनासाठी रविवारचा हॉल ठरलेला. मावशींना फोन करता आला असता. दोन मिनिटं. नंबर समोर होता.

मी नावांचं पान काढलं.

काढलं आणि मावशींच्या मनोगताच्या शेवटी माझ्याच मनाने एक ओळ घातली : 'प्रसूतिगृहातील सर्व मावशींचे मनःपूर्वक आभार.' वाचा परत. सर्व मावशींचे. हे मी लिहिलं, सगळं माहीत असताना, आणि लिहून झाल्यावर मला वाटलं — बरं जमलं. याद्या कोण वाचतं? मी स्वतःलाच विचारलं आणि मान डोलावली.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या दोन रांगा त्या बायकांनी भरल्या होत्या. काठाच्या साड्या, गजरे, नातवंडं. अध्यक्ष पाऊण तास बोलले. हे पुस्तक आपण एका बैठकीत वाचून काढलं, असं म्हणाले. पुस्तक छापखान्यातून आदल्या संध्याकाळी आलं होतं. मग प्रती वाटल्या आणि समोर पानांचा सळसळाट सुरू झाला. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. एक म्हातारी नातीला ढोसत होती, "बघ ना गं नीट. हौसा जगताप. मागं बघ, मागं असंल." नात पानं उलटत राहिली. "आजी, नाहीये गं." "असं कसं नाही? कमलनं घरी येऊन लिवून नेलंय!"

मी मागच्या दाराशी उभा होतो. चहाच्या टेबलाजवळ. मी चहा घेतला.

मावशी आल्या माझ्याकडे. आवाज चढवला नाही, हातातलं पुस्तक नुसतं पुढे केलं. "भाऊ, नावांचा कागद दिला होता ना मी तुम्हाला?"

इथे थांबतो जरा. कारण इथवर जे केलं ते भ्याडपणाचं होतं, आळसाचं होतं, असं म्हणता येईल. माझ्यासारखी माणसं असं म्हणतातच. पण पुढचं? ते मी पूर्ण शुद्धीत केलं. त्या विचारत होत्या, सांगत नव्हत्या. त्या प्रश्नात एक फट होती आणि ती मला दिसली.

"नाही मावशी," मी म्हणालो. "तुम्ही देणार होतात. आला नाही तो. म्हणून मग एक ओळ टाकली मी."

त्यांचा चेहरा — नाही, वर्णन करत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मग मीच विसरले."

चार दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. "भाऊ, तुमच्याकडे चुकून राहिला नाही ना तो कागद? आईंनी कपाट तीनदा रिकामं केलं. गादीखाली बघतात, पिठाच्या डब्यात बघतात." मी म्हटलं, बघतो हां. कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. आजही आहे, चार घड्यांसकट. 'बघतो हां' म्हणताना माझा हात त्या खणावर होता.

मग मावशी सगळं लिहून ठेवायला लागल्या, सुनेनेच सांगितलं. गॅस बंद केला, दूध घेतलं, गोळी घेतली — कॅलेंडरवर. एकट्याने बाहेर जाणं बंद केलं. दुसऱ्या पुस्तकाच्या तीन वह्या झाल्या होत्या; त्या बांधून माळ्यावर टाकल्या. "माझ्या आठवणीवर आता कुणी का विश्वास ठेवावा?" म्हणाल्या. सून हे मला काळजीने सांगत होती, आणि मी — ऐकून घेत होतो. वय झालं की व्हायचंच, असंही म्हणालो. म्हणालो मी असं.

राग कुणाचा येतो मला? अध्यक्षांचा येतो. तो सोपा राग आहे, मी तो चवीने करतो. पण त्या माणसाने फक्त एक पान जास्त लिहिलं. एका बाईला तिच्या सगळ्यात मोठ्या भीतीच्या हातात नेऊन दिलं ते मी, आणि ती भीती कुठल्या पानावर आहे हे मला पाठ होतं. पान एकशे बारा.

महिन्याभराने उरलेल्या प्रती द्यायला त्यांच्या घरी गेलो. मावशी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, शेजारी पुस्तकांचा ढीग, समोर जुनी वही — पाच महिने नावं टिपली होती ती कच्ची वही. प्रत्येक प्रतीत त्या नावं लिहीत होत्या. हाताने. एक्केचाळीस बायकांसाठी एक्केचाळीस प्रती, आठ मेलेल्या जणींच्या घरी द्यायच्या त्या धरून.

"या भाऊ. माझी चूक, मीच निस्तरते," म्हणाल्या. "शेवटच्या पानावर जागा सापडली. तिथं नुसतं तुमचंच नाव आहे. त्याच्या खाली लिहिते. चालेल ना?"

मी म्हणालो, चालेल.

मावशी आजही घाटकोपरला आहेत, माझ्यापासून पाच स्टेशनांवर. तब्येत ठीक आहे. कॅलेंडर भरतात. जे त्यांना सांगायचं ते मी तुम्हाला सांगतोय, हेही माझ्या गुन्ह्यातच लिहून ठेवा.

मी मांडलेल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान मी माझ्यासाठी ठेवतो. मधोमध नाही, जरा वर, एकच ओळ : मांडणी व अक्षरजुळणी, आणि पुढे माझं नाव. बाकी पान कोरं. त्या सकाळी पान काढायची वेळ आली तेव्हा हे पान माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

एक्केचाळीस नावं त्यावर बसली. खाली तीन ओळींची जागा उरली.