भांड्याला सुटलेला घाम

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. कडूबामामा फुलंब्रीचे. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या नळ्या जपण्यात त्यांची पंधरा वर्षं गेली, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या भांड्यांशेजारीच. म्हणून हेमचंद्र सरांनी त्यांना औरंगाबादला आमच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर आणलं. काम एकच, अवरक्त म्हणजे उबेचा न दिसणारा प्रकाश टिपणारा आमचा डिटेक्टर थंड ठेवायचा.

डिटेक्टर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा अर्धवाहक स्फटिक. तो दुहेरी भिंतीच्या भांड्यात बसवलेला, आत द्रव नायट्रोजन आणि भिंतींमधली हवा काढून टाकलेली. अवरक्त प्रकाशाचा कण पडला की त्यातला इलेक्ट्रॉन सुटतो आणि पडद्यावरची रेघ उडते. स्फटिक उबदार असला तर इलेक्ट्रॉन उगाचच सुटत राहतात आणि पडद्यावर नुसता गोंधळ. मामांना हे समजवायला गेले, तर म्हणाले, "ताई, थंड ऱ्हायलं तर जित्तं, नाय तर मेलं. आमच्या नळ्यांचंबी तेच व्हतं." माझी शिकवणी तिथंच आटोपली. डिटेक्टरला ते 'डोळा' म्हणायचे.

खंडेनवमीला आम्ही सगळी उपकरणं घासूनपुसून पुजली. दसऱ्यानंतर पाहतो तर पडद्यावर गोंधळच. स्फटिक परदेशातून आलेला, दुसरा मिळायला दोन वर्षं. सर भडकले. "यांनीच घाईनं नायट्रोजन ओतून तो तडकवला," म्हणाले, आणि मामांना कामावरून कमी करा असं पत्र कार्यालयात पाठवूनही दिलं. मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

मामा मात्र ढिम्म. त्यांनी डिटेक्टरच्या भांड्यावरून बाहेरून हात फिरवला. हात ओला झाला.

"भांड्याला घाम सुटलाय, सर. दोन भिंतींमधी हवा शिरली, आतली थंडी बाहेर यायली. डोळा मेला नाय. हवा उपसून घ्या."

"तुम्ही मला शिकवणार?"

"भांड्याचं? व्हय."

हसू दाबत मी पंप जोडला. दुपारपर्यंत हवा उपसली, मामांनी सावकाश नायट्रोजन ओतला. रेघ स्थिर झाली. त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नुसता तळहात धरला आणि रेघ टुणकन उडाली. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"पण हवा शिरली कशी?" मी विचारलं. मामांनी भांड्यातली हवा उपसायच्या पितळी व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. चिंच लावून तो लखलखीत घासलेला होता.

"नवमीला हा मीच घासला," सर हळूच म्हणाले. "तेव्हाच फिरून सैल झाला असणार. मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"घाम बघितला तवाच कळलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"नोकरी वाचवायला बोलतोय, असं वाटलं असतं तुमाला. म्हनलं, आधी डोळा बघू द्यावा."

सर उठले. शिपायाला न पाठवता पत्र परत आणायला स्वतः कार्यालयात गेले.