देवबागचा दुसरा धूर

माझी पहिली नोकरी धूर मोजायची होती. हे सांगितलं की नातवंडं हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

साठच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. दूर युरोपात कुठेकुठे पावसाचं पाणी आंबट होऊ लागलंय आणि ते कारखान्यांच्या धुरामुळे होत असावं, असं शास्त्रज्ञ म्हणायला लागले होते. तेव्हा जिथे फारसे कारखाने नाहीत तिथला पाऊस कसा असतो ते बघावं, म्हणून एका प्रयोगशाळेतले सर मालवणला येऊन राहिले. पाऊस धरायची भांडी त्यांनी आणली होतीच. पण पावसाळ्याआधी त्यांना एक हिशेब हवा होता. या किनाऱ्यावर काय काय जळतं, किती जळतं आणि त्यातून हवेत काय जातं? त्यासाठी इथलंच, सायन्स शिकलेलं माणूस पाहिजे होतं. आमच्या आख्ख्या आळीत तसं माणूस मी एकटीच. 'माझी निवड झाली' असं जे मी गावभर सांगत फिरले, ती निवड ही अशी.

नोकरी लागल्याबरोबर मी मालवणी बोलायचं सोडलं. शास्त्र मालवणीत कसं बोलायचं? मी शाळामास्तरांची मुलगी, त्यात आता प्रयोगशाळेची. बाजारात कोळंबीचा भावसुद्धा मी पुस्तकी मराठीत विचारत असे. कोळणी मला तो पुस्तकी भावच सांगत, म्हणजे दीडपट.

चुना भाजणारे, काजू भाजणारे, बेकरीवाले, यांचं सोपं होतं. भट्टी दिसते, लाकडाचा ढीग दिसतो. घोडं अडलं ते घरच्या चुलींपाशी. जळण किती लागतं असं विचारलं की बायका आधी माझ्याकडे बघत, मग एकमेकींकडे. "सरकारान आता धुवरार पण पट्टी बसवल्यान काय गो?" असं एकीने विचारलं, आणि त्या दिवसापासून त्या वाडीत कुणी काही जाळतच नाही असं मला कळलं. भात बहुधा उन्हात शिजत असावा.

मग सरांनी रीत ठरवून दिली. गावात चुली किती ते मोजायचं, आणि काही घरांत बसून एका वेळच्या स्वयंपाकाला लागणारं जळण ताणकाट्याला टांगून तोलायचं. त्यावरून गावाचा अंदाज. चुली मोजायची युक्ती मात्र माझी स्वतःची. मालवणजवळचं देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक अरुंद पट्टी. रांधायच्या वेळेला खाडीत होडी घालायची आणि माडांच्या वर चढणारे धूर मोजायचे. कुणाला विचारायला नको, कुणी खोटं सांगायला नको. या युक्तीवर मी इतकी खूश होते की होडीवाल्यालाही ती पुन्हा पुन्हा समजावून सांगत होते. तो बिचारा "होय, होय" म्हणत वल्हवत होता.

त्या दिवशी एका घरावर मला दोन धूर दिसले. तेच घर जळण तोलायला ठरलेलं होतं. मी खांद्याला काटा अडकवून उतरले, घरापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिले आणि शाळा तपासायला आल्यासारखी खणखणीत आवाजात विचारती झाले, "आपल्या घरात एकूण चुली किती?"

पडवीत माणसं बसलेली होती. नवी लुगडी, चहाच्या कपबश्या, आतल्या दाराआड एक मुलगी मान खाली घालून. कुठलीही शहाणी बाई ओळखेल की इथे मुलगी दाखवायचा कार्यक्रम चाललाय. मी शहाणी नव्हते, पदवीधर होते.

घरची म्हातारी पटकन पुढे आली. "एकच आसा."

"पण मला खाडीतून दोन धूर दिसले."

पडवीतल्या कपबश्या वाजायच्या थांबल्या.

"दुसरो न्हाणयेचो," म्हातारी म्हणाली. "आंघोळीचा पाणी तापता."

"आत्ता? जेवायच्या वेळेला?"

त्या क्षणी म्हातारीने माझ्याकडे जे पाहिलं, ते माझ्या नवऱ्यालाही पुढे चाळीस वर्षांत जमलं नाही.

आता तुम्हाला सांगते, मला तेव्हा न कळलेलं. त्या घरातले दोन भाऊ वर्षभरापूर्वी वेगळे झाले होते. छप्पर एक, होडी एक, जाळी एक, पण चुली दोन. दोघी जावांचं बोलणं बंद. कशावरून, ते दोघीही सांगत नसत. बाप वारलेला, आणि धाकटी बहीण लग्नाची. मुलगी बघायला येणारे आधी चुली बघतात. हुंड्यासाठी नव्हे. घर एकचुली असेल तर मुलीला सणाला न्यायला माणूस येतं, बाळंतपणाला माहेर असतं. चुली दोन झाल्या की थोरला म्हणतो धाकट्याने आणावी, धाकटा म्हणतो थोरल्याने, आणि मुलगी सासरच्या दारात वाट बघत उभी. याच गोष्टीवरून आधीची एक सोयरीक मोडली होती. म्हातारीने या वेळी कानोकान खबर लागू दिली नव्हती. आणि मी ती खबर खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल अशी ओरडून सांगितली.

पण म्हातारी पक्की. "तू जळाण तोलूक इलंस मां?" ती म्हणाली. "बस हय. जेवान होयसर उठाचा नाय. माझ्यो दोनव सुनो एका चुलीर कशो रांदतत ता बघ."

आणि तिने दोघींना हाका मारल्या. थोरली आपल्या चुलीपाशी होतीच. धाकटी मागच्या बाजूने आली, हातात अर्धवट शिजलेली बांगड्याची कढी. तिच्यामागून धूर येत होता. तो नोंदवायचा माझ्याकडून राहून गेला, एवढीच काय ती माझी अक्कल.

मग जे झालं त्याला स्वयंपाक म्हणतात की लढाई, मला ठाऊक नाही. थोरली लाकूड आत सारी, धाकटी बाहेर ओढी. एक फुंकणी घेई, दुसरी माडाची सुकी चुडतं मोडून घाली. बोलणं शून्य. आणि मध्ये मी, काटा हातात घेऊन, "अहो, असं मधेच लाकूड काढू नका, माझं वजन चुकतं!" अशी किंचाळत. थोरलीने जळकं लाकूड माझ्या पायाशी इतक्या जवळ ठेवलं की मला साडी आवरून उडी मारावी लागली. धाकटीला हसू फुटलं. थोरलीलाही. दोघींनी लगेच तोंडं फिरवली.

इतक्यात मुलाची आई उठून स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. अंगाने आडवी, डोळे बारीक. म्हातारी दारात दगडासारखी.

"ह्या कित्याक तोलतंस, बाय?" मुलाच्या आईने मला विचारलं.

मी लगेच व्याख्यान लावलं. धूर, ढग, परदेश, आंबट पाऊस.

"आंबट? कोकमासारखो?"

"तितका नाही."

"मगे वायच मीठ घातला की झाला," ती म्हणाली, आणि चुलीकडे बघत बसली.

कढी उकळली. मग थोरलीने, कुणाकडेही न बघता, चुलीलाच विचारावं तसं विचारलं, "तिरफळां घातलंस?"

"घातलंय," धाकटी म्हणाली.

बस्स. वर्षभरातलं तेवढंच बोलणं. म्हातारीने दाराच्या चौकटीला हात टेकला.

जेवणं झाली. पाहुणे "कळवतो" म्हणून निघाले. कळवतो म्हणजे काय, ते प्रत्येक मुलीच्या आईला माहीत असतं. म्हातारी त्यांच्याबरोबर धक्क्यापर्यंत आली आणि माझ्याकडे न बघता परत गेली. मुलीने पडवीतून निरोपाला हातही हलवला नाही.

माझा आणि पाहुण्यांचा रस्ता एकच, होडीही एकच. मुलाची आई माझ्याशेजारी बसली. खाडीच्या मध्यावर आल्यावर ती हळूच म्हणाली, "चुली दोन आसत."

मी मांडीवरचा काटा पदराने पुसायला घेतला.

"न्हाणयेचो धुवर खंयचो नि रांदपाचो खंयचो, ता माका कळणा नाय काय? आणि ती धाकली कढी घेवन इली ती खंयसून? आभाळातसून?"

"मगे तुमी नाय म्हणतलास?" मी विचारलं, आणि माझं मलाच नवल वाटलं, कारण मी मालवणीत विचारलं होतं. पुस्तकी मराठी कुठल्या तरी लाटेत पडली होती.

तिने पाण्यात हात घातला, बोटं धुतली. "माझ्या घराक दोन सुनो आसत. घराक आग लागली तरी दोघी एका कळशेक हात लावूच्यो नाय. ह्यो ननंदेसाटी एका चुलीकडे बसल्यो. रागान बसल्यो, पण बसल्यो. माका आणि काय होया?"

"म्हणजे होय?"

"होय म्हणान सांगतलंय. पण आज नाय. वायच थांबू देत. ती म्हातारी माका न्हाणयेचो धुवर दाखवता!" आणि ती अशी हसली की होडी डुलली.

सरांनी माझा आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्या माणसांच्या जेवणाला एवढंच जळण? आणि तुमच्या मोजणीत तर या घरावर दोन धूर आहेत. पुन्हा जा, पुन्हा तोला. मी दोनतीन दिवस काही ना काही कारण काढून टाळलं. म्हातारीच्या समोर जायची हिंमत नव्हती, हे सरांना कसं सांगणार?

शेवटी गेले. होडी धक्क्याला लागायच्या आधीच म्हातारी किनाऱ्यावर दिसली, पदर खोचून, दोन्ही हात हलवत. मला वाटलं, आता ही काठी घेऊन येणार.

"चेडवाचा जमला!" ती ओरडली. "होय म्हणान निरोप इलो! ये गो, ये. आता लिव दोन. खुशाल लिव!"

घरावर दोन धूर सरळ वर चढत होते. खळ्यात पाय टाकला तर थोरली एका दारात उभी, धाकटी दुसऱ्या. दोघींच्याही हातात पाट.

"तोलूचा ता मगे तोल," म्हातारी म्हणाली. "आदी सांग, जेवक खंयच्या चुलीकडे बसतलंस?"

मी थोरलीकडे पोटभर जेवले. मग उठले, काटा खांद्याला अडकवला आणि धाकटीकडे जाऊन पुन्हा पोटभर जेवले. शास्त्रात दोन्ही बाजू सारख्या तपासाव्या लागतात, असं मी सांगितलं. त्या वेळी ते मी मालवणीत सांगितलं, त्यामुळे कुणाचाच विश्वास बसला नाही.