एका ओट्याला तीन तेलं

चाळीस वर्षं लोकांच्या घरची लाकडं चमकवणाऱ्या पॉलिशवाल्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला लाकडी ओटा मात्र काळाकुट्ट होता. "करतो गं," असं तो बायकोला दर वर्षी सांगायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आडवा व्हायचा. दिवसभर दुसऱ्यांचे ओटे घासून आल्यावर आपल्याकडे बघायची ताकद कुणात उरते?

मग हळूहळू तिची नजर गेली. तरी स्वयंपाक तीच करायची, कुणाला आत येऊ द्यायची नाही.

ती आठ दिवस बहिणीकडे गेली, तेव्हा याला एकदाची लाज वाटली. खांदा ठणकत होता, पण दातओठ खाऊन त्याने ओटा घासला, पार गुळगुळीत केला. तेल तेवढं तिला विचारून लावायचं ठेवलं.

ती आली, ओट्यावरून हात फिरवला आणि मध्येच थांबली.

"अहो, शेगडी कुठे आहे?"

"तिथेच की. हातभर पुढे."

"इथे पातेल्याचा जळका खड्डा होता. तो लागला की मी हात मागे घ्यायचे. सुरीचे घाव लागले की चिरायची जागा. सगळं पुसलंत तुम्ही."

ती चिडली नाही. स्टुलावर बसली. "आता तुम्हीच करा स्वयंपाक," म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

तो तेल आणायला गेला, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "कोणतं तेल देऊ?" त्याने तीन घेतली. शेगडीपाशी ओल्या फडक्याने लाकडाचे तंतू उठवले आणि जवसाच्या तेलाचा एकच पातळ हात दिला. ती जागा खरखरीत राहिली. मधे मेण घातलेलं तेल, मऊसर. नळापाशी कडक होणारं तेल, चार हात, काचेसारखं. तीन पट्टे लांबूनही दिसत होते. असलं काम दुसऱ्याने केलं असतं, तर याने त्याची सालटी काढली असती.

तेल वाळल्यावर त्याने तिला हाक मारली. तिची बोटं सावकाश सरकली.

"शेगडी," ती म्हणाली. मग, "चिरायचं." मग, "नळ." आणि तिने चहा टाकला.

तेवढ्यात त्याच धंद्यातला धाकटा भाऊ आला. ओटा बघून म्हणाला, "दादा, हात गेला की रे तुझा! ठिगळं दिसतायत नुसती."

"गेला," तो म्हणाला. त्याच्यामागे तिने उकळता चहा कुणालाही न विचारता शेगडीवरून उतरवला.