दुर्गाबाईंची गुरुवारची पाळी

वाघोलीत बातमी पसरली, की दुर्गाबाईंना मुंबईच्या हायकोर्टाने हाकलून दिलं आणि पुन्हा दिसलात तर आत टाकू, असा दम भरला. साफ खोटं. त्यांची वकील म्हणजे माझी भाची प्रियदर्शनी, त्यामुळे खरी हकीकत आमच्या ओट्यावर आधी पोचते.

दुर्गाबाई माझ्या शेजारच्या. विहिरीत त्यांचा निम्मा हिस्सा आणि दर आठवड्याला गुरुवारपासून पाण्याची पाळी. उरलेला निम्मा धाकट्या चुलतदिराने बिल्डरला विकला. बिल्डरने अख्ख्या विहिरीवर जाळी ठोकून कुलूप लावलं. बाईंनी दावा लावला.

दोन्ही घरांच्या पाळ्या वर्षानुवर्षं एकाच माणसाने चालवल्या होत्या, थोरले चुलतदीर गेनबा यांनी. पण त्यांचं नाव साक्षीदारांच्या यादीतच नाही! का? तर बाईंच्या मुलाच्या, तेजसच्या लग्नात गेनबांनी फेटा बांधून घेतला नाही, रुसून उठून गेले.

"त्यांचं नाव माझ्या तोंडात यायचं नाय," बाई म्हणाल्या. यादी दिली गेली, बाकीच्यांचा पुरावा संपला, आणि तेव्हा कळलं, की पाळीचं सांगणारं दुसरं कुणी उरलेलंच नाही. मग गेनबांची साक्ष घ्यावी म्हणून अर्ज.

"मावशी, उशिराचं रीझन काय लिहू? फेटा?" प्रियदर्शनीने बाईंना विचारलं.

'कौटुंबिक गैरसमज' असं लिहिलं. कोर्टाने अर्ज फेटाळला. मग बाई त्या हुकमाविरुद्ध हायकोर्टात रिट करून स्वारगेटहून बसने मुंबईला.

तिथे न्यायमूर्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि बाईंकडे बघून चक्क मराठीत सांगितलं, "आजी, अर्ज नाकारायचा अधिकार खालच्या कोर्टाला होता. त्यांच्या जागी आम्ही असतो तर कदाचित साक्ष घेतलीही असती. पण म्हणून त्यांचा प्रत्येक हुकूम दुरुस्त करत बसणं हे रिटचं काम नाही. कोर्ट अधिकाराबाहेर गेलं, तरच आम्ही हात घालतो. दावा चालू द्या. निकाल विरुद्ध गेला, तर अपिलात हाच मुद्दा घ्या."

"म्हंजी साक्ष कधीच नाय, असं नाय ना, साहेब?"

"आज आमच्याकडून नाही."

बाईंनी हात जोडले आणि बाहेर येऊन आधी चहा मागितला. याला हाकलणं म्हणतात म्हणे!

परतल्या त्या थेट मंडईच्या बाजूला उतरून फेट्याचं कापड घेऊन आल्या, केशरी. गेनबांच्या दारात काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. सगळ्या खबरा आधी कळणारा म्हणून माझी बदनामीच झाली म्हणायची.

गुरुवारी बघतो तर जाळीपाशी दोन खुर्च्या. एरवी पाळीच्या दिवशी बाई एकट्याच कुलपाशेजारी बसतात. आज शेजारी गेनबा, डोक्याला कडक फेटा, हातात काठी.

बिल्डरचा माणूस सर्जेराव आला. बातमी त्यानेच पसरवलेली.

"काय काकू, हायकोर्टानं घरी धाडलं ना? सोडा की नाद!"

"दावा चालूच हाय, सर्जेराव. तुमचं कुलूप पुसून ठिवा, गंजतंय."

"आणि हरलात तर? अपिलाचा नंबर लागेस्तोवर हे म्हातारं ऱ्हातंय व्हय?"

मी कुंपणाला कान लावला. बाईंनी सर्जेरावकडे पाहिलंही नाही. गेनबांकडे वळून म्हणाल्या,

"भावजी, अपिलाचा निकाल लागंपर्यंत तुमी मरायचं नाय. फेटा बांधलाय आता."