उंडी की अशोक

अण्णा, म्हणजे माझे वडील, मला फाट्यापर्यंत सोडायला आले होते. एसटी दिसल्यावर एवढंच म्हणाले, "तिथं झाडंबिडं लावत बसू नको. चार वर्षांत परत यायचंय."

चाराची चोवीस झाली. माणच्या कोरड्या रानातून आलेली मी, बोईसरच्या कंपनी क्वार्टरमध्ये तुळससुद्धा कुंडीत ठेवली. कुंडी उचलता येते ना! शेजारी नगरचे, जळगावचे, सगळे तसलेच. प्रत्येकाच्या दारात रंगाच्या रिकाम्या डब्यांत मोगरा, कोरफड. जमिनीत कुणाचंच काही नाही. चांगली शिकलेली माणसं आम्ही, निम्मा जन्म डब्यात काढला.

यंदा नवापूरच्या रस्त्याला स्वतःचं घर झालं. अंगणात बारमाही हिरवं असं एकच झाड मावणार होतं. हे म्हणाले, "खोटा अशोक लावू. भराभर वाढतो, सरळ जातो, कचरा कमी. उद्या घर विकायचं झालं तरी अडचण नाही."

आमची मासेवाली भागीबाय पाटी उतरवता उतरवता हसली. "अशोक? तो लग्नाच्या हॉलच्या दारात बरा. सावली नाय, काय नाय. इथं खारा वारा हाय, बाय. उंडी लाव. आमी होड्यांना तिचंच तेल लावायचो."

"किती वर्षं लागतील वाढायला?"

"लागतील. तुला कुठं जायचं हाय?"

मनातून मी अशोकाच्याच बाजूची होते. लवकर वाढणारं, सोडून जाता येणारं.

त्याच आठवड्यात दादाचा, माझ्या भावाचा, फोन आला. बोलता बोलता म्हणाला, गावाकडच्या दारातला अण्णांचा कडुलिंब पाडला. गाडीवर पानं पडायची.

"मला विचारायचंस तरी!"

"तुला काय विचारायचं? तू आता तिकडचीच की."

'परत यायचंय' म्हणत चोवीस वर्षं मला इथली होऊ दिलं नाही, आणि आता एका वाक्यात तिकडची! अण्णा असते तर त्यांनाही सुनावलं असतं.

दुसऱ्या दिवशी मीच पहार घेतली. खड्डा खणून उंडी लावली. हे पाणी घेऊन आले.

घर कुठलं, असं विचारलं की आता मी नवापूर रस्ता सांगते. जिथं खड्डा खणायला कुणाला विचारावं लागत नाही, ते माझं घर.

दादा, सुट्टीत जरूर ये. गाडी मात्र बाहेर रस्त्यावर लाव. आमच्या अंगणात पानं पडणार आहेत.