हानालेमामाची चार रिळं

मामा गेल्यापासून जो येतो तो म्हणतो, हानाले अंकल काय वाजवायचा, काय त्याच्या बोटात जादू होती. जादू कसली डोंबलाची. माणसाला तीन चाली येत होत्या. तीन. त्यातली तिसरी पहिलीसारखीच होती फक्त हळू. आणि उकुलेले, ते चार तारांचं छोटं गिटार, कायम सुरात नाही, अर्धा पडदा खाली. चर्चमधली माणसं तो वाजवायला लागला की खोकायची. आता तीच माणसं रुमालानं डोळे पुसतात. पुसा.

तो माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. मी नोहेआ. आई लवकर गेली तर मी त्याच्याकडेच वाढले, हवाईतल्या हिलो गावात, केऔकाहात, समुद्राकडच्या गल्लीत. मामाला जाऊन वर्ष झालं म्हणून वाटायला एक वही छापायची आहे आणि त्यात मामाविषयी कोणीतरी लिहा म्हणून सगळे माझ्या मागे लागले. गोडगोड लिही म्हणाले. मला येतं तसं लिहिते.

मामा तीस वर्षं काउंटीच्या रस्त्याच्या कामावर मशीन चालवायचा. सुट्टीच्या दिवशी खडकावर उभा राहून उलुआ पकडायचा. उलुआ म्हणजे मोठा मासा, ओढायला लागला तर माणूस पाण्यात जातो. आणि रविवारी दुपारी ओसरीत बसून लोकांच्या उकुलेलेला तारा लावून द्यायचा. वादक नव्हता, तारा लावणारा होता. ते मात्र त्याच्यासारखं हिलोत कोणाला येत नव्हतं, हे मी पण मान्य करते, नाइलाज आहे.

तारा तो दुकानातल्या लावायचा नाही. दुकानातलं पाकीट दिसलं की नाक मुरडायचा. गळाला गरीच्या आधी जो कडक तंगूस, मासे धरायचा दोरा, बांधतात ना, पाण्यात दिसत नाही तो, तोच लावायचा. इकडे असं करणारे पुष्कळ आहेत. पण मामाची चार रिळं होती, चार जाडीची, ओसरीच्या फळीवर चार खिळ्यांना अडकवलेली. आणि किती पौंडाचा तंगूस आहे, म्हणजे किती वजन झेलतो, ते लिहिलेली चिठ्ठी त्यानं चारही रिळांवरून खरवडून काढलेली. का? तर कोणाला कळू नये. मासे कुठे लागतात ते सांगायचं नाही तसं हेही सांगायचं नाही. एवढं मोठं गुपित! राजाचा खजिनाच जसा.

लोक यायचे तुटलेली तार घेऊन. मामा आधी माणसाकडे बघायचाच नाही, तारेचं टोक बघायचा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असलं की म्हणायचा, "गाठ कोरडी ओढलीस."

"नाही अंकल, मी तर..."

"तार खोटं बोलते का मग?"

टोक सरळ कापल्यासारखं असलं की खुंटीच्या भोकाला धार आहे किंवा पट्टीच्या खाचेत काहीतरी टोचतंय. मग काचकागदाची गुंडाळी करून भोक घासायचं आणि खाचेत पेन्सिल फिरवायची म्हणजे तार अडकत नाही, सरकते. "तार आपोआप तुटत नसते," म्हणायचा, "माणूस तोडतो तिला." आणि मग माणसाकडे असं बघायचा की तो पुढच्या वेळी बायकोला पाठवायचा.

एकदा एकानं गिटारच्या लोखंडी तारा लावून आणल्या. मामानं ते उकुलेले हातात पण घेतलं नाही. म्हणाला, "हे घरी घेऊन जा आणि त्याची माफी माग."

मला कधी हात लावू दिला नाही. मी बारा वर्षांची होते तेव्हापासून शेजारी बसून बघायची. "मामा, एक मी लावू?"

"तुझ्या हाताला घाई आहे."

"रॉयडेनला देतोस की."

"त्याच्या हाताला झोप आहे. तो काही तोडत नाही."

रॉयडेन म्हणजे मामाचा मुलगा. वीस वर्षं झाली लास वेगासला जाऊन, तिकडे हॉटेलात गाड्या लावतो. वेगासला आमची इतकी माणसं गेलीत की तिकडेच एक हवाई झालंय. वर्षातून एकदा यायचा, डोक्यावर टोपी, पोई, म्हणजे आमची अळूच्या कंदाची पेज, खाताना तोंड वाकडं.

मामा गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेला. ट्रक धूत होता, पाइप हातात, खाली बसला आणि संपलं. पाणी तसंच चालू. ते मी बंद केलं.

राख आली ती डब्यात. मामीनं डबा टीव्हीशेजारी ठेवला. लोके मामी शांत बाई, पण एकदा म्हणाली की म्हणाली. ती म्हणाली, "वर्ष झालं की त्याच्या खडकावरून समुद्रात सोडायचा. पण आधी त्याचं उकुलेले वाजलं पाहिजे. तेच, दुसरं नाही. नाही वाजलं तर तो इथेच राहील." मामाचं म्हणजे त्याच्या आजीचं उकुलेले, कोआच्या लाकडाचं, घासून घासून काळं झालेलं. त्याच्या तारा त्यानं जाण्याआधी दोन दिवस काढून ठेवल्या होत्या, नवीन लावायच्या म्हणून. दर महिन्याला नवीन लावायचा. खाज दुसरं काय.

तर वर्षभर मामा टीव्हीशेजारी. मी रोज संध्याकाळी मामीला बघायला जायची आणि तो तिथे बसलेला. बातम्या बघत. मला ते बघवत नव्हतं. माणूस ज्याला चार भिंतीत अर्धा तास बसवलं तर घुसमटायचा, तो शेल्फावर.

वर्ष भरायच्या आठवड्यात सोमवारी रॉयडेन आला. शनिवारी सकाळी सात वाजता सगळं होतं. मी मंगळवारी कामावरून, म्हणजे हॉस्पिटलच्या लाँड्रीतून, सरळ मामीकडे गेले तर हा ओसरीत बसलेला, मांडीवर उकुलेले, चारही तारा लावून तयार.

"बघ ताई, झालं काम. तुम्ही उगाच टेन्शन घेता."

मी बघितलं. चारही तारा सारख्या. जाड, हिरवट.

"ह्या कुठल्या?"

"पप्पांच्याच! त्यांच्या उलुआच्या काठीच्या चकरीवरून काढल्या. शंभर पौंडाचा तंगूस आहे, बापजन्मात तुटायचा नाही."

"चारही सारख्याच लावल्यास?"

"मग? पप्पा तंगूसच लावायचे ना?"

आता ह्याला काय बोलायचं. अख्ख्या गावाला माहीत की हानाले तंगूस लावतो, पण कुठला लावतो हे विचारायची अक्कल कोणाला नाही. पोटच्या मुलाला पण नाही. बापाच्या आठवणीनं डोळ्यात पाणी आणून त्यानं मासा ओढायचा दोर आजीच्या उकुलेलेवर चढवला. उकुलेलेत पहिली तार बारीक, दुसरी सगळ्यात जाड, तिसरी मधली, चौथी सगळ्यात बारीक. हे शाळेतल्या पोराला माहीत असतं.

"खाली उतरव आधी," मी म्हटलं.

"अगं फोटो काढलाय मी. वेगासला सगळ्यांना पाठवला. सगळे म्हणाले, पप्पा परत आल्यासारखं वाटतं."

"रॉयडेन, तारा उतरव."

"जेवून उतरवतो."

जेवून झोपला. तोडत नाही म्हणे. तार नाहीच तुटली. शंभर पौंडाची ती, कशाला तुटेल. बुधवारी सकाळी घोडी उचकटली. तारा ज्यात अडकवतात ती लाकडाची घोडी, एका बाजूनं उठून उभी राहिली नखासारखी.

मामीनं टीव्हीशेजारचा डबा उचलला, खालची धूळ पुसली, परत ठेवला. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

रॉयडेन म्हणाला, "आई, दुसरं विकत आणू. तिथे कोणाला कळतंय?"

"त्याला कळेल," मामी म्हणाली.

मी ते टॉवेलात गुंडाळून नाकासोनेकडे नेलं. नाकासोने म्हणजे होड्या दुरुस्त करणारा म्हातारा, मामाचा दोस्त. त्यानं जुना सरस खरवडला, घोडी चिकटवली, वरून दाब दिला. म्हणाला, शुक्रवार दुपारपर्यंत हात लावू नको.

"तारा पण तूच लाव ना अंकल."

"मी? हानालेच्या उकुलेलेला? तो डब्यातून बाहेर येईल."

"दर आठवड्याला त्याच्याकडे बसायचास, रिळांवर किती पौंड होतं एवढं तरी माहीत असेल."

"विचारलं होतं एकदा. तीन महिने बोलला नाही माझ्याशी."

असे हे दोस्त. शुक्रवारी चार वाजता मी ओसरीत बसले. समोर उकुलेले आणि फळीवर चार रिळं, नावगाव नसलेली. गळाच्या दुकानात फोन केला तर तो विचारतो, किती पौंडाचा देऊ? माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं रे बाबा.

रॉयडेन शेजारी येऊन बसला. "बोटानं बघ ना, जाड बारीक कळतंच की."

"दोन रिळं जवळजवळ सारखीच आहेत. पहिलीची कुठली, चौथीची कुठली?"

"काय फरक पडतो?"

मी त्याच्याकडे बघितलं तसा तो कॉफी करायला आत गेला.

मग मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, मामा करायचा तेच. तो तार लावायच्या आधी नुसती खाचेत ठेवून बघायचा. मानेच्या वरच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिला चार खाचा. मामानं त्या खाचा स्वतः घासलेल्या, प्रत्येक आपल्या तारेपुरती. तार अर्धी आत, अर्धी वर बसली पाहिजे. बारीक असेल तर आत बुडून खरखरते, जाड असेल तर काठावर बसून राहते. मी एकेका रिळाचं टोक एकेका खाचेत ठेवत गेले. जाड दुसऱ्या खाचेत बसला. मधला तिसऱ्या खाचेत. मग ते दोघं सारखे. एक चौथ्या खाचेत ठेवला तर वर राहिला. दुसरा ठेवला, बरोबर अर्धा बसला. चिठ्ठ्या खरवडल्या गाढवानं आणि उत्तर हाडावर कोरून ठेवलं. बघायला मी तेवढी राहिले होते.

पण चौथ्या तारेच्या रिळावर तंगूस उरला होता फक्त दोन तारांपुरता. आणि मी पहिल्यांदा तोच घेतला. अवघड काम आधी म्हणून. टोकाला दुहेरी गाठ मारली, घोडीच्या खाचेत अडकवली, खुंटीच्या भोकातून ओढली, तीन वेढे होतील एवढी सैल ठेवली, खुंटी आत दाबत दाबत फिरवली. वेढे एकाखाली एक बसले. सूर चढत होता. वाटलं, बघ मामा.

फट्.

टोक उचललं. डुकराची शेपटी. गाठ कोरडी ओढली होती मी. सगळ्या हिलोला ज्यासाठी शिव्या खाताना ऐकलं तेच. तंगूस कोरडा आवळला की घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मामा गाठ आवळायच्या आधी तोंडात धरायचा. मला लहानपणी ते घाण वाटायचं. लोकांची उकुलेले आणि ह्याची थुंकी.

रॉयडेन कॉफी घेऊन दारात. "तुटली?"

"तोडली."

एका तारेपुरता उरला होता. तो बाजूला ठेवला, आधी बाकीच्या तीन लावल्या. प्रत्येक गाठ तोंडात धरून, मग हळू आवळून. खाचेत पेन्सिल फिरवली. कुठलीच एकदम वर नेली नाही, सगळ्या थोड्या थोड्या, म्हणजे चिकटवलेल्या घोडीवर एका बाजूनं ताण नको. शेवटची तार लावताना मामी येऊन उभी राहिली. मी गाठ तोंडात धरली तेव्हा तोंडाला खारट लागलं, ते तंगूसाचं नव्हतं. आवळली. चढवली. थांबले. अंगठ्यानं जरा ओढली, परत चढवली. थांबले. एवढा वेळ मी आयुष्यात कुठल्या गोष्टीला दिला नाही.

टिकली.

शनिवारी सकाळी खडकावर पन्नास एक माणसं. चर्चमधली खोकणारी सगळी. हार समुद्रात सोडायच्या आधी त्यातला दोरा ओढून काढतात, कासवांच्या गळ्यात अडकतो म्हणून, तर सगळे दोरे ओढत उभे. मामीनं उकुलेले घेतलं. मी गाडीतून उतरताना सुरात लावलं होतं. नवीन तंगूस आठवडाभर ताणत राहतो, दर पाच मिनिटाला उतरतो. मला माहीत होतं. तिनं पहिली चाल धरली आणि सगळं अर्धा पडदा खाली. रॉयडेन माझ्या कानात म्हणाला, "ताई, बेसूर आहे."

मामी ऐकत होती. वाजवता वाजवता हसली. "हं," म्हणाली, "असंच. अगदी असंच वाजायचं त्याचं."

तेव्हा मला कळलं. दर महिन्याला नवीन तारा लावणाऱ्याच्या तारा बसणार कधी? चाळीस वर्षं त्यानं स्वतःच्या तारांना ताणून बसायला वेळच दिला नाही. माझ्या हाताला घाई आहे म्हणे. म्हाताऱ्या, आणि तुझ्या?

रॉयडेन गुडघाभर पाण्यात गेला आणि डबा उघडला. टोपी वाहून गेली त्याची. बरं झालं.

वहीत घालायला फोटो आहे त्यात उकुलेलेच्या डोक्यावर तारांची लांब टोकं कोळंबीच्या मिशांसारखी दिसतात. रॉयडेन म्हणतो, ती कापून फोटो छापू. कापून नाही छापायचा. टोकं लगेच कापायची नसतात, तार सरकली तर धरायला काही राहत नाही. आठवडा झाल्यावर, काल, मी ती कापली. चार तुकडे. तार आता उतरत नाही, सुरात आहे, चांगली वाजते. कोणाचंही उकुलेले असावं तशी वाजते.

तुकडे टाकून दिले. ठेवून काय करायचंय.