हे पाणी कुठलं?

मावशींच्या हातात कुणी पाण्याचा ग्लास दिला की त्या आधी विचारायच्या, "हे कुठलं?" घसा कितीही कोरडा पडलेला असो, उत्तर मिळाल्याशिवाय घोट घ्यायच्या नाहीत. अमेरिकेतल्या आमच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, एका रेस्टॉरंटमध्ये बिचाऱ्या वेटरने गोंधळून "टॅप" म्हटलं, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टॅप हे काय गाव आहे का गं?" आणि ग्लास बाजूला सारला.

मावशी म्हणजे आदित्यची आई. आदित्य माझा लॅबमधला सीनियर. नोकरी लागल्यावर त्याने गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलं होतं. आम्ही पीएचडीवाले दर शनिवारी त्याच्या प्रेमापोटी जातो असं त्याला वाटायचं. खरं म्हणजे आम्ही थालीपिठांसाठी जायचो. मावशींचं माहेर भुदरगडच्या डोंगरातलं. तिथे झऱ्यावर एकाखाली एक दगडी कुंडं बांधलेली: वरचं प्यायचं, मधलं धुण्याचं, खालचं गुरांचं. ही वाटणी त्यांच्या अंगात इतकी मुरलेली, की आदित्यच्या किचनमधले दोन सिंकही त्यांनी वाटून टाकले होते. चुकून डावीकडे हात धुतले, की पाठीमागून गर्जना व्हायची, "ते प्यायचं!"

शेजारी डेल नावाचे म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. त्यांच्या आवारात, डोंगरातून येणाऱ्या झऱ्यावर, त्यांच्या आजोबांनी बांधलेलं दगडी खोपटं होतं. इकडे त्याला स्प्रिंगहाऊस म्हणतात. आत कुंड, कुंडातून पाइप, पाइपाखाली बाहेर पाणी साठायला दगडी डोणी. फ्रिज नव्हते तेव्हा त्या गार पाण्यात दुधाचे कॅन ठेवायचे. मावशींनी ते पाहिलं मात्र, "अगं, हे तर आमच्याकडचंच!" म्हणत चपला बाहेर काढून आत शिरल्या. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. मावशी मराठीत बोलायच्या, डेल इंग्रजीत, आणि तासन् तास एकमेकांना "येस, येस" म्हणायचे. दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. माझं काम चहा करण्यापुरतंच उरलं.

पण डोणी कोरडी होती. डेलच्या बायकोच्या आजारपणातच पाइपाचं पाणी आटत गेलं, आणि ती गेली त्या उन्हाळ्यात पार बंद झालं. आत कुंडाच्या तळाशी ओंजळभर पाणी तेवढं उरलं होतं. "रोज ती सुकी डोणी बघवत नाही," डेल एकदा मला म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मशीन बोलावून सगळं बुजवून टाकतोय." मी हे मावशींना सांगितलं आणि पस्तावले.

"बुजवतात मेलेलं पाणी!" मावशी कडाडल्या. "पाणी आणि माहेरवाशीण, वाट मोकळी असली की येतेच. सांग त्याला!" मी सांगितलं. डेलनी मान हलवली आणि म्हणाले, "टेल हर आय ट्राइड."  

मशीन यायच्या सकाळी मावशी नऊवारी नेसून हजर. "हे पाणी जायचंच आहे, तर माहेरवाशिणीने रिकाम्या हाताने कशाला जायचं? मी तिची ओटी भरणार." आमच्याकडे बायका नदीची, विहिरीची ओटी भरतात, तशी. खण, तांदूळ, नारळ, सगळं ताटात. डेल टोपी काढून दारात उभे राहिले. मावशी हळद वाहायला वाकल्या, आणि सैल झाकणाचा अख्खा डबा कुंडात उपडा झाला! आदित्य म्हणाला, "आई, काय केलंस हे! यार, आता हे क्लीन कोण करणार?" मावशींचे डोळे भरून आले. शेवटचा निरोप, आणि तोही असा सांडलवंड करून.

मशीनवाला आला, कॉफी पिऊन उठला, इंजिन सुरू करायला निघाला, तेवढ्यात डेलचा पांढरा कुत्रा उताराखालच्या झुडपांतून धावत वर आला. चारही पाय पिवळे, तोंड पिवळं, हळद लागलेला नवरदेवच!  मावशी ओरडल्या, "अरे, खाली पळतंय ते पाणी! थांबवा ते मशीन!" हे मात्र डेलना भाषांतराशिवाय समजलं.

झुडपं बाजूला केली तर खाली पिवळी धार चांगली खळखळत होती. झरा आटलेलाच नव्हता. खोपट्यामागच्या मेपलच्या झाडाच्या मुळांनी कुंडाची बुडाकडची भिंत फोडली होती आणि पाणी पाइपापर्यंत न चढता तिथूनच पळ काढत होतं. बुजवायला आलेल्या मशीननेच तिथे खोदलं. मुळं कापली, दगड पुन्हा बसवले, चिकणमाती ठेचून भरली. ठेचायला मावशी पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या दिवशी कुंड भरलं, पाइपाने दोन-चार उचक्या दिल्या आणि डोणीत धार पडली. डेलनी तिच्याखाली डोकंच धरलं. ते रडत होते की भिजत होते, कळायला मार्ग नव्हता. मी मात्र रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मावशी भारतात परत निघाल्या तेव्हा डेल एअरपोर्टपर्यंत आले. मावशींच्या हातात झऱ्याच्या पाण्याची बाटली. सिक्युरिटीच्या रांगेशी एक पोरगेली ऑफिसर म्हणाली, "मॅम, यू हॅव टू थ्रो दॅट अवे." मी अर्थ सांगितला. "फेकू? हे?" मावशींनी झाकण उघडलं. एक घोट डेलना दिला, एक आदित्यला, एक मला, आणि उरलेली बाटली रांगेतल्या सगळ्यांसमोर एका दमात घटाघटा संपवली. मग तोंड पुसलं, रिकामी बाटली त्या पोरीच्या हातात ठेवली आणि ऐटीत म्हणाल्या, "आता विचार म्हणावं, कुठलं होतं!"